विभागीय चौकशी : निकाल आधीच ठरतो, की माणूस कागदात हरतो?

तापीकाठ

आपल्याकडे कुणाला दोषारोपपत्र मिळालं की संध्याकाळी टपरीवर निकाल लागलेला असतो. 'डीई (विभागीय चौकशी) लागली ना? मग गेला.' माझं मत थोडं वेगळं आहे. निकाल आधी ठरत असेलही, पण कर्मचारी पहिल्या महिन्यातच अशी कागदं लिहून देतो की पुढे मॅटसुद्धा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) काही करू शकत नाही.

एक नमुना प्रश्न ठेवतो. कुणाचं खरं प्रकरण नाही, त्यामुळे गावं-नावं टाकू नका.

एका सजाचा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). आरोप तीन, पहिला असा की खरेदीखताची फेरफार नोंद घेताना हितसंबंधितांना नोटीस बजावली नाही. जोडपत्र ३ मध्ये ११ कागदांची यादी, हातात प्रती मात्र चारच. साक्षीदार तीन. लेखी निवेदनाला १० दिवस. चौकशी अधिकारी म्हणून तेच साहेब, ज्यांनी प्राथमिक चौकशीत 'सकृतदर्शनी दोषी' असं लिहिलं होतं. त्यांची नेमणूक दोषारोपपत्राबरोबरच, त्याच तारखेच्या आदेशाने. सादरकर्ता अधिकारी (खात्याची बाजू मांडणारा) कोण, पत्ता नाही.

यातल्या कोणत्या गोष्टीवर हरकत घ्यायची, कधी, आणि कोणत्या शब्दांत?

कानबाईचा_भाऊ

पहिली हरकत टपरीवाल्यावर घ्या. सुनावणी न देता निकाल देतो.

दप्तरी

क्रमाने घेऊ, कारण इथे क्रमच महत्त्वाचा.

आधी दोषारोपपत्राच्या डोक्यावर बघा, कोणत्या नियमाखाली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला नियम ८ म्हणजे मोठ्या शिक्षेची कार्यपद्धती: खालच्या टप्प्यावर आणणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी. नियम १० म्हणजे किरकोळ शिक्षा: ठपका, बढती रोखणं, नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणं. दोन्हींची लढाई वेगळी आहे. नियम १० च्या नोटिशीला नियम ८ सारखी साक्षी-पुराव्याची भाषा वापरून उत्तर देणारे बरेच असतात.

मग सही. सही करणारा अधिकारी त्या शिक्षेसाठी सक्षम आहे का? त्यासाठी स्वतःचा मूळ नेमणूक आदेश काढायचा. संविधानाच्या अनुच्छेद ३११(१) प्रमाणे नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही किंवा सेवेतून काढता येत नाही. आणि दोषारोपपत्राचा मसुदा नुसता टिपणीवर फिरून चालत नाही, शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने तो स्वतः मंजूर केलेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गोपीनाथ प्रकरणात हे केंद्राच्या नियमांबाबत सांगितलं. आपल्याकडच्या नियमाची रचनाही तशीच आहे.

आता १० दिवस. इथे लोक दोन चुका करतात. एक, गप्प बसतात. दोन, रागाने लिहितात की 'कागद द्या, मगच उत्तर देतो.' पुढे फाईलवर टिपणी पडते, 'अपचाऱ्याने (आरोप असलेल्या कर्मचाऱ्याने) निवेदन सादर केले नाही, त्यास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात यावे.'

त्याऐवजी दहाव्या दिवसाच्या आत एक पानी अंतरिम निवेदन द्या. मजकूर असा बसतो:

'दोषारोप क्रमांक १ ते ३ मला मान्य नाहीत. जोडपत्र ३ मधील अ.क्र. २, ५, ६, ७, ८, १० व ११ येथील कागदांच्या प्रती मला मिळालेल्या नाहीत. त्यापैकी अ.क्र. ५ (गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीचा उतारा) व अ.क्र. ७ (नोटीस बजावणीची पोच) पाहिल्याशिवाय दोषारोप १ ला सविस्तर उत्तर देणे शक्य नाही, कारण आरोपच त्या पोचेबाबत आहे. प्रती मिळाल्यापासून १० दिवसांत सविस्तर निवेदन देईन. प्रस्तुत निवेदन मर्यादित स्वरूपाचे समजावे.'

तो 'कारण' शब्द सगळ्यात महागाचा. नुसतं 'सर्व कागद मिळावेत' लिहिलं की उत्तर येतं, 'संबंध स्पष्ट करावा.' महिना गेला.

पांझरा

दप्तरी अण्णा, एक जोडतो. हाच आरोप ग्रामसेवकावर असता तर १९७९ चे नियम लागूच झाले नसते. तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी, त्याला महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी नाशिकला. आणि जि.प. वाल्याला मॅट नाही, उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. एकाच चावडीत बसणारे दोघं, दोन नियम, दोन दरवाजे. उसनं उत्तर वापरलं की नियम क्रमांक चुकतात आणि समोरच्याला कळतं की यानं वाचलेलं नाही.

भरीत_पार्टी

मेच्या उन्हात जळगावहून नाशिकला अपिलाची तारीख. ही शिक्षा नियम ५ मधल्या शिक्षांच्या यादीत दिसत नाही.

मुद्देसूद

इथे सगळे कर्मचाऱ्याच्या बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

नैसर्गिक न्याय हे अनेकांसाठी तारखा वाढवायचं साधन झालंय. चार कागद दिले नाहीत एवढ्यानं चौकशी रद्द होत नाही. १९९६ च्या स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध एस. के. शर्मा निकालात कसोटी ठरलेली आहे: प्रक्रियेतल्या त्रुटीने प्रत्यक्ष बाधा पोचली का? जो कागद मिळाला नाही त्यावाचून बचाव कुठे अडला, हे दाखवावं लागतं. ११ पैकी ७ कागद म्हणजे सेवापुस्तकाचं पहिलं पान, नेमणुकीचा आदेश, बदलीचा आदेश असले असतील तर रडगाणं उपयोगाचं नाही.

दुसरं, पुराव्याचा कायदा इथे शब्दशः लागत नाही. फौजदारी खटल्यात 'संशयातीत' लागतं, इथे 'शक्यतेचा जास्त भार' पुरतो. निर्दोष सुटलो म्हणून चौकशी आपोआप पडत नाही.

एसटीप्रेमी

मुद्देसूद बरोबर. १९७७ चा रतन सिंग निकाल वाहकांना तोंडपाठ असतो. तपासणी पथकाला विनातिकीट प्रवासी सापडले, पण प्रवाशांचे जबाब नाहीत. न्यायालय म्हणालं, काहीतरी पुरावा आहे ना, पुरे. ऐकीव माहितीसुद्धा चालते, तर्काला धरून असेल तर.

मग ११ कागद कशाला मागायचे, असा माझा भाबडा प्रश्न.

दप्तरी

रतन सिंग निकालात पथकाचा निरीक्षक साक्षीला आला होता, एसटीप्रेमी. 'काहीतरी पुरावा' हा शब्द तिथे त्याच्या साक्षीवर उभा आहे. त्याच्या समोर २००९ चा रूपसिंग नेगी निकाल ठेवा: कागद नुसता फाईलला लावला म्हणजे सिद्ध झाला असं नाही, कुणीतरी येऊन तो सांगावा लागतो, पोलिसांचे तपासातले कागद स्वतःहून पुरावा होत नाहीत. आपल्याकडच्या चौकशांत कुठे घसरतं माहितीय? सादरकर्ता अधिकारी ११ कागद एका पत्राने दाखल करतो, साक्षीदार एक येतो आणि म्हणतो 'आधी दिलेला जबाब बरोबर आहे.' संपली साक्ष. त्या जबाबाची प्रत उलटतपासाआधी हातात नसेल तर तिथल्या तिथे तारीख मागा, आणि मागितली हे रोजनाम्यात (चौकशीच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहायला लावा.

मुद्देसूद यांचं 'बाधा' मात्र पटतं. म्हणूनच वरच्या मजकुरात अ.क्र. ५ आणि ७ वेगळे काढले.

सातपुड्याचा_वारा

नमुन्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सगळे ओलांडून गेले. चौकशी अधिकाऱ्याची नेमणूक आणि दोषारोपपत्र एकाच तारखेचं! नियम ८ चा क्रम असा: दोषारोपपत्र द्या, निवेदन घ्या, ते वाचा, आणि मग ठरवा चौकशी करायची की नाही. निवेदन वाचून काही आरोप गळूही शकतात. आधीच अधिकारी नेमला म्हणजे निवेदन वाचायचा इरादा नव्हता, असा अर्थ निघतो. २०१० चा ओरिक्स फिशरीज निकाल बंद मनाने काढलेल्या कारणे दाखवा नोटिशीबद्दल आहे, तोच धागा इथे लागतो.

पण एवढ्यावर चौकशी थांबेल अशी आशा धरू नका. हरकत नोंदवा आणि पुढे चला.

चौकशी अधिकारी बदलण्याची हरकत मात्र जोरात घ्या. प्राथमिक चौकशीत दोषी लिहिणारा माणूस नियमित चौकशीत तटस्थ कसा? त्यात तेच साहेब साक्षीदार म्हणूनही लागू शकतात, कारण प्राथमिक अहवाल सिद्ध करायला कोण येणार? स्वतःच न्यायाधीश, स्वतःच साक्षीदार ही अडचण सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच मोहम्मद नूह प्रकरणात निकालात काढलीय. अर्ज कुणाकडे? चौकशी अधिकाऱ्याकडे नाही, नेमणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे. प्रत चौकशी अधिकाऱ्याला, 'अर्जावर निर्णय होईपर्यंत कामकाज स्थगित ठेवावे' या विनंतीसह. आणि पहिल्या बैठकीआधी. तीन साक्षी झाल्यावर पक्षपात आठवला तर कुणी ऐकत नाही.

अर्जात 'साहेबांचा माझ्यावर राग आहे' लिहू नका. प्राथमिक अहवालाचा जावक क्रमांक, तारीख आणि त्यातलं ते एक वाक्य जसंच्या तसं. बास.

चावडी_वाचन

सादरकर्ता अधिकारी नसला तर काय? बरंच आहे ना, समोर वकील नाही!

सातपुड्याचा_वारा

उलट. तो नसला की साक्षीदाराला प्रश्न चौकशी अधिकारीच विचारतो, आणि न्यायाधीश फिर्यादीच्या खुर्चीत जाऊन बसतो. शंका दूर करण्यापुरते प्रश्न ठीक. पण सरतपासणी, उलटतपासाला आडवे प्रश्न, पुन्हा फेरतपासणी, सगळं त्यानेच केलं तर २०१० च्या सरोजकुमार सिन्हा निकालातलं वाक्य दाखवा: चौकशी अधिकारी हा खात्याचा प्रतिनिधी नाही, स्वतंत्र न्यायनिर्णय करणारा आहे. रोजनाम्यात एक ओळ: 'प्र. क्र. ४ ते १९ चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, त्यास हरकत.' क्रमांकासकट.

बारागाड्या

निलंबनाचं कुणी बोललं नाही. खरा दम तिथे निघतो.

अटक होऊन ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की नियम ४ प्रमाणे मानीव निलंबन, म्हणजे निलंबित झाल्याचं धरलं जातं. एरवी चौकशी योजली असली तरी निलंबित करता येतं. पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेइतका निर्वाह भत्ता, त्यावरचा महागाई भत्ता वेगळा. पुढे उशीर कर्मचाऱ्यामुळे नसेल तर तो निम्म्याने वाढवता येतो, म्हणजे पाऊण पगार. कर्मचाऱ्यामुळे असेल तर निम्म्याने घटवता येतो. ही वाढ आपोआप होत नाही. तीन महिने संपायच्या आठवड्यात अर्ज टाका, सोबत दुसरीकडे नोकरीधंदा करत नसल्याचा दाखला. तो दाखला दर महिन्याला द्यायचा असतो, आणि भत्ता अडवायचं पहिलं कारण तोच असतो.

आणि मुख्यालय. निलंबन आदेशात मुख्यालय धडगाव, चौकशी नंदुरबारला, घर अमळनेरला. भत्ता चार महिने निघालेला नाही. अशा वेळी 'हजर राहू शकत नाही' एवढंच कळवलं तर एकतर्फी चौकशी लागते. 'निर्वाह भत्ता अमुक महिन्यापासून मिळालेला नाही, प्रवासाला पैसे नाहीत' असं लिहिलं तर गोष्ट बदलते. १९७३ च्या घनश्यामदास श्रीवास्तव निकालात चौकशी जगदलपूरला, माणूस सुमारे ५०० किलोमीटरवर, भत्ता नाही. चौकशी टिकली नाही. १९९९ चा पॉल अँथनी निकालही त्याच अंगाचा.

शिवाय सामान्य प्रशासन विभागाचा ९ जुलै २०१९ चा शासन निर्णय जवळ ठेवा. २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालावरून काढलेला: निलंबनापासून ९० दिवसांत दोषारोपपत्र द्यायचं.

कानबाईचा_भाऊ

धडगाव मुख्यालय दिलं तर तक्रार कसली? राजवाडी होळी बघायला मिळते. काठी गावची.

बारागाड्या

भाऊ, निलंबित माणसाला मुख्यालय सोडायला परवानगी लागते. काठी अक्कलकुवा तालुक्यात.

भरीत_पार्टी

बारागाड्यांनी होळीलासुद्धा नियम लावला. पुढे भरितातल्या वांग्याचं पण सांगा, कपाशीच्या काड्यांवर भाजलं नाही तर चौकशी रद्द होते का.

मेहरूण_बोर

मला उलटतपासाचं हवंय. बचाव सहाय्यक कोण घेता येतो, वकील चालतो का, आणि विचारायचं काय?

दप्तरी

बचाव सहाय्यक दुसरा सरकारी कर्मचारी घेता येतो. वकील सहसा नाही. पण सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असला, किंवा प्राधिकाऱ्याने प्रकरण पाहून परवानगी दिली, तर चालतो. समोर कायद्यात मुरलेला माणूस आणि इकडे एकटा कर्मचारी असं झालं तर १९८३ चा दिलीपकुमार नाडकर्णी निकाल लावा. परवानगी मागायची लेखी, नाकारली तर कारणासह लेखी घ्यायची.

उलटतपास. तापीकाठांचाच नमुना घेऊ. महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे तलाठी नोंद घेतो, हितसंबंधितांना कळवतो, हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जाते. पण नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. समजा तोच सरकारी साक्षीदार आहे.

प्र. फेरफार प्रमाणित करण्यापूर्वी नोटीस बजावल्याची खात्री कुणी करायची असते?
उ. मंडळ अधिकाऱ्याने.
प्र. या फेरफारावर प्रमाणीकरणाची सही कुणाची?
उ. माझी.
प्र. सही करताना नोटिशीची पोच आपण पाहिली होती?

इथे थांबा. 'हो' म्हणाला तर पोच होती, आरोप १ बसला खाली. 'नाही' म्हणाला तर चूक त्याच्याही गळ्यात. 'मग का नाही पाहिली?' हा प्रश्न कधीही विचारू नका, कारण उत्तर येईल, 'तलाठ्याने बजावली म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला.' एका प्रश्नाने सगळं उलटं. आणि हे तीन प्रश्न विचारण्याआधी मूळ नोंदवही समोर मागवलेली हवी. छायाप्रतीत समासातला शेरा आणि सहीची तारीख हटकून कापली जाते, आणि नेमकी ती तारीख १५ दिवसांची हरकतीची मुदत संपायच्या आधीची आहे का, तेच बघायचं असतं.

दोघांचा सहभाग दिसत असेल तर नियम १२ खाली एकत्रित कार्यवाहीची मागणीही करता येते. पण विचार करून. एकत्र आलं की दुसरा आपल्यावर ढकलणारच.

मुद्देसूद

प्रश्नांची मांडणी आवडली. फक्त एक: 'चूक त्याच्याही गळ्यात' याने तलाठी सुटत नाही. दोघंही चुकले असं होऊ शकतं. फायदा शिक्षेच्या प्रमाणात होईल, दोषमुक्तीत नाही. आणि शिक्षेच्या प्रमाणात न्यायालय सहसा पडत नाही. १९९५ चा बी. सी. चतुर्वेदी: विवेकाला धक्का बसेल इतकी विषम शिक्षा असली तरच.

खात्याच्या बाजूनेही सांगतो, कारण तिथेही शिकायला हवं. दोषारोप 'कर्तव्यात कसूर केली, वरिष्ठांचे आदेश पाळले नाहीत, शासनाची प्रतिमा मलिन केली' असा ढोबळ लिहितात. कोणता आदेश, कोणती तारीख, वर्तणूक नियमाचं कोणतं कलम, काही नाही. मग दोषी माणूसही सुटतो आणि सगळे म्हणतात न्यायालयं कर्मचाऱ्यांना पाठीशी घालतात. जोडपत्र १ मध्ये आरोप, २ मध्ये त्याचा तपशील, ३ मध्ये कागद, ४ मध्ये साक्षीदार. २ मधल्या प्रत्येक वाक्याला ३ किंवा ४ मध्ये आधार हवा. मसुदा करणाऱ्या अव्वल कारकुनाने पेन्सिलने समोर क्रमांक टाकून बघावेत. ज्या वाक्यासमोर क्रमांक पडत नाही ते वाक्य काढावं. अर्ध्या चौकशा वाचतील.

पांझरा

हे पेन्सिलचं कर्मचाऱ्याच्या बाजूनेही करता येतं. क्रमांक न पडलेली वाक्यं हाच बचाव.

चावडी_वाचन

एक वेगळी शंका. नियम १० खाली फक्त कारणे दाखवा नोटीस, उत्तर, आणि 'एक वेतनवाढ कायमस्वरूपी रोखण्यात येत आहे' असा आदेश. किरकोळ शिक्षा म्हणून चौकशी नाही. चालतं?

दप्तरी

नाही चालत. 'कायमस्वरूपी' म्हणजे पुढच्या वेतनवाढींवर परिणाम. १९९० च्या कुलवंतसिंग गिल निकालात ती मोठी शिक्षा धरली. आपल्या नियम १० मध्येही तीन वर्षांहून जास्त काळ, किंवा पुढील परिणामासह वेतनवाढ रोखायची, किंवा निवृत्तिवेतनावर परिणाम होणार असेल, तर नियम ८ सारखी चौकशी करावीच लागते. आदेशात 'पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता' आहे की 'परिणाम होऊन' आहे ते भिंग लावून वाचा. एका शब्दात निवृत्तीपर्यंतचा पैसा आहे.

मेहरूण_बोर

साक्षी झाल्या. आता?

सातपुड्याचा_वारा

आता दोन गोष्टी सुटतात. कर्मचाऱ्याने स्वतः साक्ष दिली नसेल तर पुराव्यात त्याच्याविरुद्ध काय आलंय त्यावर चौकशी अधिकाऱ्याने त्याला विचारलंच पाहिजे. १९९८ चा एस. बी. रमेश निकाल. अनेक रोजनाम्यांत हा टप्पाच नसतो. दुसरी, लेखी टाचण (युक्तिवादाचं). आधी सादरकर्ता अधिकाऱ्याचं, त्याची प्रत कर्मचाऱ्याला, मग कर्मचाऱ्याचं. दोघांना एकाच दिवशी मागितलं तर तिथेच हरकत.

अहवालात शिक्षेची शिफारस नको, दर आरोपावर कारणांसह निष्कर्ष हवा. अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळालीच पाहिजे: १९९० रमझान खान, १९९३ करुणाकर. आणि अहवाल 'सिद्ध नाही' म्हणत असताना प्राधिकाऱ्याला तो पटला नाही तर असहमतीची कारणं आधी कळवून म्हणणं ऐकावं लागतं, १९९८ कुंजबिहारी मिश्रा. कारणं 'तात्पुरती' असावी लागतात. 'मी या निष्कर्षाप्रत आलो आहे की दोष सिद्ध होतात, तरी आपले म्हणणे सादर करावे' अशी पत्रं निघतात. निष्कर्षाप्रत आल्यावर म्हणणं कशाला, पेढे वाटायला?

एसटीप्रेमी

आणि निवृत्ती तोंडावर असेल तर? ३१ मेला अठ्ठावन्न पूर्ण.

बारागाड्या

निवृत्तीआधी दोषारोपपत्र दिलं असेल तर चौकशी पुढे चालू राहते, निवृत्तिवेतन नियम, १९८२ चा नियम २७. तोवर तात्पुरतं निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) अडकतं. निवृत्तीनंतर नव्याने सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांहून जुनी नको. सुरुवात मोजतात दोषारोपपत्र दिल्याच्या तारखेपासून, किंवा आधी निलंबन असेल तर त्या तारखेपासून. म्हणून मे अखेरीला काही कार्यालयांत रात्री आठपर्यंत दिवे असतात.

लांबवू नये हेही न्यायालयाने सांगितलंय. २०१५ प्रेमनाथ बाली: सहा महिन्यांत, नाहीच जमलं तर वर्षभरात.

कानबाईचा_भाऊ

वर्ष कुणाचं हे नाही सांगितलं ना. ब्रह्मदेवाचं पण वर्षच असतं.

तापीकाठ

एवढं येईल वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या नमुन्यातल्या तलाठ्याच्या हातात आज तिसरा दिवस आहे. सात दिवस उरलेत. कामं कोणत्या क्रमाने?

दप्तरी

आज: नेमणूक आदेश काढणं, दोषारोपपत्रावरची सही आणि नियम तपासणं, जोडपत्र २ वर पेन्सिल.

उद्या: कागद तपासणीचा अर्ज, मूळ नमुना ६ आणि ६-अ पाहण्यासाठी. प्रती देत नसतील तर बघून हाताने नकलून घ्यायची परवानगी मागा. तपासणीच्या दिवशी कोणते कागद दाखवले, कोणते नाहीत, त्याचा कागद तिथेच करून दोघांच्या सह्या.

परवा: चौकशी अधिकारी बदलाचा अर्ज, नेमणाऱ्याकडे. एकाच तारखेच्या नेमणुकीची हरकत त्याच अर्जात, दोन ओळींत. सादरकर्ता अधिकाऱ्याच्या नेमणुकीची मागणी वेगळ्या कागदावर. एका अर्जात पाच मागण्या घातल्या की उत्तर सगळ्यात सोप्या मागणीचं येतं.

आठव्या दिवशी अंतरिम निवेदन. दहाव्या नाही, कारण दहावा दिवस शनिवार निघतो.

मुद्देसूद

आणि पुढे शिक्षा झालीच तर अपिलाला ४५ दिवस, आदेश मिळाल्यापासून. अपील सहा महिने पडून राहिलं तर निर्णयाची वाट न बघता मॅटला जाता येतं, पण त्यानंतर वर्षाच्या आत. अपील न करता थेट मॅट गाठलं तर बहुधा परत पाठवतात.

पांझरा

आदेश 'मिळाल्यापासून' आहे, म्हणून पाकीट जपून ठेवा. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो, आदेशावर नाही.

तापीकाठ

पाकीट फाडून टाकलं असेल तर?

पांझरा

तर कार्यालयाच्या टपाल नोंदवहीचा उतारा मागा. आणि आठव्या दिवशीचं ते अंतरिम निवेदन टपालाने नका पाठवू. आवक शाखेत हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. कारकून 'ठेवा इथे, नंतर टाकतो' म्हणाला तर उभे राहा.

भरीत_पार्टी

उभे राहताना त्याच्यासाठी कचोरी न्या. नियमात नाही, पण मनाईही नाही.

मुद्देसूद

आहे. वर्तणूक नियम. भेटवस्तू.